न गोठणारा फियॉर्ड

ट्रोम्सो सोडलं की विमानाखाली फक्त समुद्र उरतो. नॉर्वेची मुख्य भूमी मागे पडते आणि पुढचा दीडेक तास खिडकीतून बॅरेंट्स समुद्राची पश्चिम कड दिसत राहते. शिशाच्या रंगाचं पाणी, त्यावर सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या, क्वचित एखादं मासेमारीचं जहाज. मग ढगांच्या थरातून एकाएकी काळे, टोकदार डोंगर वर येतात. १५९६ मध्ये विलेम बॅरेंट्स हा डच दर्यावर्दी चीनकडे जाणारी ईशान्येची वाट शोधत इथे पोहोचला आणि या डोंगरांवरूनच त्याने भूमीचं नाव स्पिट्सबर्गेन ठेवलं. पुढे त्याचं जहाज नोवाया झेम्ल्याच्या किनाऱ्यावर बर्फात अडकलं. वाहून आलेल्या लाकडांची झोपडी उभारून खलाशांनी तिथे हिवाळा काढला आणि १५९७ च्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर बॅरेंट्सचा अंत झाला. त्याचं नाव घेतलेला समुद्र आज पृथ्वीवरच्या सगळ्यांत वेगाने तापणाऱ्या जागांपैकी एक आहे.

विमान उतरतं ते लाँगइयरब्येनला. स्वालबार्ड द्वीपसमूहातलं हे मुख्य गाव ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि इथली वस्ती सुमारे अडीच हजार. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य क्षितिजावर येत नाही, आणि एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. धावपट्टीवर उन्हं होती.

२०२२ मध्ये फिनलंडच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतो आहे. त्याच वर्षी नॉर्वेच्या हवामान संस्थेतले केटिल इसाकसेन आणि त्यांचे सहकारी यांनी बॅरेंट्स समुद्राच्या उत्तर भागातल्या बेटांवरच्या नोंदी तपासल्या. तिथलं वार्षिक तापमान दर दशकाला २.७ अंश सेल्सियसपर्यंत वाढत असल्याचं त्यांना दिसलं. शरद ऋतूत तर ही वाढ दशकाला ४ अंशांपर्यंत जाते. सगळं जग मिळून दशकाला साधारण ०.२ अंशाने तापतं आहे. हा फरक प्रत्यक्षात कसा दिसतो, त्यात राहणाऱ्या माणसांना आणि प्राण्यांना तो कसा जाणवतो, ते पाहण्यासाठी मी हा प्रवास केला.

भारतीयांना इथे येताना एक गोष्ट गमतीची वाटते. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड करारानुसार या बेटांवर नॉर्वेची सत्ता आहे, पण करार करणाऱ्या सर्व देशांच्या नागरिकांना इथे राहण्याचा आणि उद्योग करण्याचा समान हक्क आहे. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारत त्या करारात अगदी सुरुवातीपासून आहे. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. मात्र वाट नॉर्वेतून जात असल्यामुळे शेंगेन व्हिसा, तोही दोनदा प्रवेशाचा, काढावाच लागतो. गावात थाई आणि फिलिपिनो माणसं बरीच आहेत. दुकानात, हॉटेलात, टॅक्सीत तीच भेटतात.

गाव वसलं कोळशामुळे. जॉन मनरो लाँगइयर या अमेरिकी उद्योजकाने १९०६ मध्ये इथे खाण सुरू केली आणि त्याचंच नाव गावाला मिळालं. डोंगरांच्या उतारावर जुन्या खाणींची तोंडं आणि कोळशाच्या पाळण्यांचे लाकडी मनोरे अजून उभे आहेत. हॉटेलात, संग्रहालयात शिरताना बूट दाराशी काढायची पद्धतही खाणकामगारांच्या काळातली. कोळशाची काळी धूळ घरात येऊ नये म्हणून ती सुरू झाली. मराठी माणसाला ही सवय शिकवावी लागत नाही. गावातलं कोळशावर चालणारं वीजकेंद्र ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झालं आणि वीज डिझेलवर तयार होऊ लागली. शेवटची नॉर्वेजियन खाण, सात नंबरची, ३० जून २०२५ रोजी थांबली. शंभरहून अधिक वर्षं ज्या धंद्यावर गाव जगलं तो संपला; आता उरले आहेत पर्यटन, विद्यापीठ केंद्र आणि संशोधन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेले ते इसफियॉर्ड पाहायला. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि नंतर समुद्राने भरलेली खोल दरी. इसफियॉर्ड स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यावरून आत शंभरेक किलोमीटर शिरतो. धक्क्यावर भेटलेला एक पोक्त खलाशी समोरच्या किनाऱ्याकडे हात करून सांगत होता, की पूर्वी हिवाळ्यात या पाण्याचे आतले फाटे पक्के गोठायचे आणि माणसं बर्फावरून स्नोमोबाइल घेऊन पलीकडे जायची. आता त्या वाटांचा भरवसा उरलेला नाही. जमिनीवरून, हिमनद्यांवरून लांबचा वळसा घालावा लागतो.

असं का झालं, याचं उत्तर हवेत कमी आणि पाण्यात जास्त सापडतं. अटलांटिक महासागरातला कोमट, खारट प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेला येतो आणि तिथे त्याचे दोन फाटे होतात. एक बॅरेंट्स समुद्रात शिरतो. दुसरा, पश्चिम स्पिट्सबर्गेन प्रवाह, या बेटाच्या पश्चिम कडेने ध्रुवाकडे जातो. याच प्रवाहामुळे इथला किनारा त्याच अक्षांशावरच्या इतर कुठल्याही जागेपेक्षा मुळातच उबदार. पण पूर्वी हे कोमट पाणी खोल समुद्राच्या उतारालगत राहायचं आणि फियॉर्डांच्या तोंडाशी थंड पाणी त्याला अडवून धरायचं. २००६ च्या हिवाळ्यात वाऱ्यांची दिशा बदलली आणि अटलांटिकचं पाणी उथळ किनारपट्टी ओलांडून थेट फियॉर्डांत घुसलं. तेव्हापासून पश्चिमेकडच्या मोठ्या फियॉर्डांत पूर्वीसारखा भक्कम हिवाळी बर्फ धरत नाही.

पूर्वेला, बॅरेंट्स समुद्रात, घडतं आहे ते याहून मोठं आहे. हा समुद्र उथळ आहे; सरासरी खोली सुमारे २३० मीटर. त्याच्या उत्तर भागात पाण्याचे तीन थर असत. तळाशी अटलांटिकचं कोमट आणि खारट पाणी, त्यावर थंड आर्क्टिक पाणी आणि सगळ्यांत वर वितळलेल्या बर्फाचं कमी खारट, म्हणून हलकं पाणी. हे वरचे थर तापल्या हंड्यावरच्या झाकणासारखे काम करत. खालची उष्णता खालीच राही. हा बर्फ सगळा तिथेच तयार झालेला नसे. मध्य आर्क्टिकमधून वाऱ्याबरोबर तो दक्षिणेला वाहून येई, उन्हाळ्यात वितळे आणि गोड्या पाण्याचा साठा दर वर्षी भरून निघे.

नॉर्वेजियन सागरशास्त्रज्ञ सिगरिड लिंड आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तरेकडून येणारा हा बर्फ कमी झाला. बर्फ कमी म्हणजे गोडं पाणी कमी. गोडं पाणी कमी झालं की थरांमधला भेद पुसट होतो, वादळाने पाणी ढवळलं की खालची उष्णता पृष्ठभागापर्यंत येते आणि नवा बर्फ धरायलाच अडचण होते. उघड्या पाण्याचा आणखी एक दोष असा, की बर्फावर पडलेलं ताजं हिम उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत फेकतं, तर गडद समुद्र नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन पिऊन टाकतो. ती उष्णता शरदात हवेला मिळते. दशकाला ४ अंशांचा तो शरदातला आकडा असा तयार होतो. शास्त्रज्ञ या बदलाला अटलांटिकीकरण म्हणतात. आर्क्टिकच्या नकाशावरचा एक अख्खा समुद्र दुसऱ्या महासागराच्या स्वभावाचा होत चालला आहे, आणि हे एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत घडतं आहे.

या समुद्राच्या काठावर बांधलेल्या गावाला त्याचा हिशेब रोज द्यावा लागतो.

लाँगइयरब्येनमधली घरं रंगीबेरंगी आणि लाकडी आहेत. ती जमिनीवर टेकलेली नाहीत, खांबांवर उभी आहेत. खाली बारमाही गोठलेली जमीन, पर्माफ्रॉस्ट. घराची ऊब तिला लागू नये म्हणून मधे मोकळी जागा ठेवतात. दर उन्हाळ्यात वरचा मीटर-दीड मीटर थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. हा वितळणारा थर जाड होत गेला की जुने लाकडी खांब कुजतात, घरं कलतात. गावापासून काही किलोमीटरवर यान्सनहाउगेन नावाच्या टेकडीत १९९८ मध्ये शंभर मीटरहून खोल भोक पाडून त्यात तापमापक सोडले आहेत. तेव्हापासूनच्या नोंदी सांगतात की गोठलेली जमीन खोलवरसुद्धा तापते आहे. नव्या इमारतींचे खांब पूर्वीपेक्षा बरेच खोल न्यावे लागतात.

गावावर सुकरटॉप्पेन नावाचा डोंगर आहे. १९ डिसेंबर २०१५ च्या सकाळी, ध्रुवीय रात्रीच्या काळोखात, रात्रभराच्या वादळानंतर त्याच्या उतारावरून हिम कोसळलं आणि अकरा घरं पायथ्यापासून उखडली गेली. एक पुरुष आणि दोन वर्षांची एक मुलगी त्यात दगावली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा हिम कोसळलं. तेव्हा जीवितहानी टळली. एका वादळाचं खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, हे इथले अभ्यासकही सांगतात. पण हिवाळ्यात पाऊस वाढला, ओलं हिम वाढलं, तसे हिमस्खलनाचे आणि दरडींचे जुने ठोकताळे कामाचे राहिलेले नाहीत, हेही तेच सांगतात. धोक्याच्या पट्ट्यातली शंभराहून अधिक घरं रिकामी करायचं ठरलं. आता डोंगराच्या उतारावर पोलादी कुंपणांच्या रांगा आणि पायथ्याशी मातीचा उंच बांध दिसतो. ज्या गल्लीत घरं होती तिथून चालताना पाऊल आपोआप हळू पडतं.

पलीकडच्या उतारावर लहानसं कब्रस्तान आहे, पांढऱ्या क्रुसांच्या रांगा असलेलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दगावलेले सात तरुण इथे पुरले आहेत. १९९८ मध्ये कर्स्टी डंकन या कॅनडियन शास्त्रज्ञाने विषाणूच्या शोधात या कबरी उघडल्या. मृतदेह कायम गोठलेल्या थरात असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते वरच्या, दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरात निघाले. गोठण्या-वितळण्याने जमीन पुरलेल्या वस्तू हळूहळू वर ढकलते, म्हणून १९५० पासून इथे शवपेट्या पुरत नाहीत.

विमानतळाच्या वरच्या बाजूला, प्लाटॉबर्गेट डोंगराच्या कुशीत, जागतिक बियाणे तिजोरीचं काँक्रीटचं दार आहे. आत जायची परवानगी पर्यटकांना नाही. दारापर्यंत मात्र चढून जाता येतं. २६ फेब्रुवारी २००८ रोजी ती सुरू झाली. युद्ध, आग, पूर किंवा वीज जाण्यामुळे कुठल्याही देशाची बीजपेढी नष्ट झाली तर बियाणं पुन्हा मिळावं, हा तिचा हेतू. आज तिथे उणे १८ अंशांत तेरा लाखांहून अधिक नमुने आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांची वाणंही त्यांत आहेत. सोलापूरच्या कोरडवाहू रानात जी पिकं उभी राहतात त्यांचे भाऊबंद या डोंगरात सुखरूप आहेत, हे त्या दाराशी उभं राहून आठवलं आणि फार बरं वाटलं.

ही जागा निवडली ती गोठलेल्या जमिनीच्या भरवशावर. शीतयंत्रं बंद पडली तरी डोंगराची थंडी बियाणं सांभाळेल, असा तो विचार होता आणि तो आजही बऱ्याच अंशी खरा आहे. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये, बर्फ पडायच्या दिवसांत, धो धो पाऊस झाला आणि प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरलं. ते वाटेतच गोठलं, बियाणांच्या दालनांपर्यंत गेलं नाही. त्यानंतर नॉर्वे सरकारने बोगद्याचा पुढचा भाग पाडून नवा जलरोधक काँक्रीटचा बोगदा बांधला.

गावाबाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलाचा विचार करावाच लागतो. आमची वाटाडी, खांद्यावर रायफल असलेली नॉर्वेजियन तरुणी, कुठेही उतरल्यावर आधी दुर्बिणीने सगळा किनारा न्याहाळायची आणि मगच आम्हाला पुढे यायची खूण करायची. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून निदान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर ठेवणं कायद्याने बंधनकारक झालं आहे. सील पकडण्यासाठी अस्वलाला समुद्रावरचा बर्फ लागतो. पूर्वेच्या होपेन आणि काँग्सओया बेटांवर माद्या पिल्लांसाठी गुहा करतात. शरदात बर्फ उशिरा पोहोचला तर त्या बेटांपर्यंत माद्या पोहोचूच शकत नाहीत. आम्हाला अस्वल दिसलं नाही. वाटाडीच्या मते ते अस्वलाच्या आणि आमच्या, दोघांच्याही हिताचं होतं.

दिसले ते रेनडिअर. फियॉर्डच्या तोंडाशी अल्कहॉर्नेट नावाचा उभा कडा आहे; त्यावर हजारो समुद्रपक्षी घरटी करतात आणि त्यांच्या विष्ठेच्या खतावर खाली हिरवंगार गवत माजतं. त्या गवतात आखूड पायांचे, गुबगुबीत रेनडिअर आमच्याकडे ढुंकूनही न पाहता चरत होते. १९२५ मध्ये शिकारीवर बंदी आल्यापासून त्यांची संख्या वाढली आणि आता ती सुमारे २२ हजार आहे. उन्हाळा लांबल्याने चाराही वाढला. संकट येतं हिवाळ्यात. साठलेल्या हिमावर पाऊस पडला की त्याचा कडक बर्फ होतो आणि खालचं गवत त्याखाली बंद होतं. खुरांनी तो फुटत नाही. २०१९ मध्ये नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेच्या पथकाला दोनशेहून अधिक रेनडिअर उपासमारीने मेलेले आढळले. उरलेले समुद्रकिनारी उतरून शैवाल खाताना दिसले आहेत. १९९४ ते २०१० या काळात मोठ्या माद्यांचं हिवाळी वजन ५५ किलोवरून ४८ किलोवर आलं.

कड्यावरच्या पक्ष्यांचा घासही बदलतो आहे. लिटल ऑक हा मुठीएवढा काळा-पांढरा पक्षी समुद्रातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या कवचधारी जिवांवर पिल्लं वाढवतो. थंड आर्क्टिक पाण्यातली जात मोठी आणि चरबीने भरलेली. अटलांटिक पाण्याबरोबर येणारी जात लहान आणि कित्येक पटींनी कमी चरबीची. पिल्लाचं पोट तेवढंच भरायचं तर आईबापांना जास्त फेऱ्या कराव्या लागतात, जास्त लांब जावं लागतं.

पाण्याखाली नवे रहिवासी आले आहेत. २००४ मध्ये इसफियॉर्डच्या तोंडाशी निळे शिंपले सापडले. सुमारे हजार वर्षांपूर्वी ते इथून नाहीसे झाले होते. सप्टेंबर २०१३ मध्ये याच फियॉर्डात अटलांटिक मॅकेरल सापडला, म्हणजे आपल्या बांगड्याचा उत्तरेकडचा भाऊबंद. एवढ्या उत्तरेला तो त्याआधी कुणाला मिळाल्याची नोंद नव्हती. मोठा कॉड आणि हॅडॉकही उत्तरेला सरकले आहेत आणि ते लहानशा पोलर कॉडला खातात, ज्याच्यावर सील आणि पक्षी जगतात. मासेमारीच्या जहाजांना यात नवी संधी दिसते. थंड पाण्यातल्या जिवांना मात्र आणखी उत्तरेला सरकायला उथळ समुद्र उरत नाही. पुढे मध्य आर्क्टिकचा खोल महासागर सुरू होतो.

न्यू-ओलेसुंडला आम्ही लहान जहाजाने गेलो. इसफियॉर्डमधून बाहेर पडून जहाज उत्तरेला वळलं आणि प्रिन्स कार्ल्स फोरलँड या लांबट बेटाच्या आडोशाने निघालं. वाटेत पूलेपिन्टेन नावाच्या रेतीच्या टोकावर वॉलरसांचा कळप एकमेकांवर रेलून पहुडला होता. शतकानुशतकांच्या कत्तलीनंतर १९५२ मध्ये वॉलरसांना संरक्षण मिळालं तेव्हा ते इथे जेमतेम शंभरेक उरले होते; २०१८ च्या हवाई गणनेत पाच हजारांवर भरले. माणसाने हात आवरला की निसर्ग किती भरभरून परत येतो, त्याचा इतका ठसठशीत पुरावा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

काँग्सफियॉर्डच्या काठावरचं न्यू-ओलेसुंड हे पूर्वीचं खाणगाव. नोव्हेंबर १९६२ मधल्या स्फोटात २१ कामगार गेले आणि खाण बंद झाली. त्या दुर्घटनेच्या चौकशीवरून पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकारही पडलं. आता इथे दहा-एक देशांची संशोधन केंद्रं आहेत. उन्हाळ्यात शे-सव्वाशे माणसं, हिवाळ्यात तीस-चाळीस. जहाज जवळ आलं की सर्वांचे मोबाइल, वाय-फाय, ब्लूटूथ बंद करवले जातात, कारण दूरच्या क्वेसारांचे रेडिओ संकेत टिपून पृथ्वीचं फिरणं मोजणाऱ्या इथल्या अँटेनांना त्यांचा व्यत्यय येतो. गावाबाहेर हवाई जहाज बांधायचा पोलादी मनोरा उभा आहे. ११ मे १९२६ रोजी अमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं 'नॉर्गे' हे हवाई जहाज इथून निघून ध्रुवावरून अलास्काकडे गेलं.

एका पिंगट लाकडी घरावर देवनागरीत 'हिमाद्रि' लिहिलेलं दिसलं आणि मी तिथेच थांबले. भारताचं हे आर्क्टिकमधलं केंद्र १ जुलै २००८ पासून सुरू आहे. त्याआधी ऑगस्ट २००७ मध्ये डॉ. रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली पाच शास्त्रज्ञांची पहिली तुकडी इथे आली होती. केंद्राचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. झुआरीच्या मुखाशी बसलेली माणसं या थंड फियॉर्डची नाडी तपासतात. डिसेंबर २०२३ पासून भारतीय तुकड्या ध्रुवीय रात्रीतही इथे राहू लागल्या आहेत.

घरापेक्षा महत्त्वाचं उपकरण पाण्याखाली आहे. २३ जुलै २०१४ रोजी काँग्सफियॉर्डात सुमारे १९२ मीटर खोलीवर 'इंडआर्क' ही नांगरलेली वेधशाळा सोडली. तळाला वजन, वर तरंगते गोळे आणि मधल्या ताठ दोरावर वेगवेगळ्या खोलीवर बसवलेले संवेदक. तापमान, क्षारता, प्रवाह, विरघळलेला ऑक्सिजन अशा नोंदी ते सतत घेतात, हिवाळ्याच्या काळोखातसुद्धा, जेव्हा बोटीने जाऊन मोजणं अवघड असतं. ठरावीक काळाने वेधशाळा वर काढतात, नोंदी उतरवून घेतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. अटलांटिकचं पाणी कुठल्या महिन्यात, किती खोलीवर आणि किती उष्णता घेऊन फियॉर्डात शिरतं, ते अशा अखंड नोंदींशिवाय कळत नाही.

फियॉर्डच्या टोकाला क्रोनेब्रेन हिमनदी थेट समुद्रात उतरते. तिच्या निळसर भिंतीपासून सुरक्षित अंतरावर जहाज थांबलं, इंजिन बंद झालं. थोड्या थोड्या वेळाने बंदुकीचा बार उडावा तसा आवाज येई आणि बर्फाचा कडा पाण्यात कोसळे. कोमट पाणी या भिंतीला खालून पोखरतं, म्हणून समुद्राला मिळणाऱ्या हिमनद्या झपाट्याने मागे हटतात. समोरच्या किनाऱ्यावरचं ब्लोमस्ट्रान्ड हे पूर्वी द्वीपकल्प समजलं जाई. जुन्या नकाशांत तसंच दाखवलेलं आहे. १९९० च्या दशकात जोडणारी हिमनदी मागे हटली आणि तिथे खाडी निघाली. आता बोटी त्याला प्रदक्षिणा घालतात.

अलीकडची वर्षं अधिकच तापली आहेत. नोव्हेंबर २०१० नंतर शंभराहून अधिक महिने लाँगइयरब्येन विमानतळावरचं मासिक तापमान सलग सरासरीच्या वर राहिलं. २५ जुलै २०२० रोजी तिथे २१.७ अंशांचा उच्चांक नोंदला गेला. २०२४ च्या उन्हाळ्यात, मुख्यतः सहा आठवड्यांत, स्वालबार्डच्या हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फाचा सुमारे एक टक्का गमावला. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू-ओलेसुंडचं सरासरी तापमान उणे ३.३ अंश होतं. १९६१ ते २००१ या काळात ते उणे १५ असे. कडाक्याच्या थंडीचे कपडे घालून ताज्या हिमाचे नमुने गोळा करायला आलेल्या संशोधकांना पाऊस, वितळलेल्या पाण्याची डबकी आणि उघडी पडलेली ओली जमीन पाहावी लागली.

याचा भारताशी संबंध काय, हा प्रश्न गोव्याच्या केंद्राने गांभीर्याने घेतला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेजियन सहकाऱ्यांबरोबर २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, बॅरेंट्सच्या शेजारच्या कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी असला की वायव्य युरोपवर उंच हवेत जास्त दाबाचा पट्टा तयार होतो, त्याची लाट आशियाकडे सरकते, आणि अरबी समुद्र तापलेला असेल तर सप्टेंबरमध्ये मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढू शकतात. हा संभाव्य दुवा आहे, असं ते स्वतःच म्हणतात. त्याची खातरजमा व्हायला अनेक वर्षांच्या नोंदी लागतील. पण काढणीला आलेलं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात कुजताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या अभ्यासाचं मोल वेगळं सांगायला नको.

या नोंदींना मोठी परंपरा आहे. १८८२-८३ मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष पाळलं गेलं तेव्हा इसफियॉर्डच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅप थोर्डसेन इथे, एका स्वीडिश तुकडीने वर्षभर राहून हवामान नोंदलं. त्यांचं लाकडी घर अजून तिथे आहे. पाचवं ध्रुवीय वर्ष २०३२-३३ मध्ये व्हायचं आहे. आज दहावी-बारावीत शिकणारी मुलं तोवर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, गोव्याच्या सागरी संस्थांमध्ये किंवा एखाद्या विद्यापीठात संशोधनाला लागलेली असतील. त्यांच्यापैकी काहींनी हिमाद्रीत एक हिवाळा काढावा, इंडआर्कच्या नोंदी स्वतः वाचाव्यात आणि त्यातून आपल्या पावसाचा अंदाज थोडा अधिक नेमका व्हावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारा पैसा आणि पाठबळ देशाने हात आखडता न घेता द्यायला हवं.